फ्लॅकमध्ये कॅसेट साठवताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरातला कॅसेटचा संग्रह संगणकावर उतरवून घेण्याचे काम गेले काही महिने चालू आहे. संग्रहात नाट्यसंगीत आहे, अभंग आहेत. पण सर्वांत मोलाच्या आहेत त्या सदाशिव पेठेत झालेल्या घरगुती बैठकींच्या कॅसेट, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यामुळे मूळ प्रत फ्लॅकमध्येच, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्येच, ठेवायची हे आधीच ठरले होते आणि तो निर्णय आजही कायम आहे. मात्र ‘लॉसलेस’ (काहीही न गमावणारे) म्हटले की लोक ज्या अपेक्षा ठेवतात, त्यांतल्या बऱ्याचशा या फॉरमॅटच्या हातातल्याच नाहीत.

२००१ पासून वापरात असलेल्या आणि २०२४ च्या अखेरीस आरएफसी ९६३९ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाद्वारे प्रमाणित झालेल्या फ्लॅकची हमी एकच आहे: आवाजाचे जे आकडे आत गेले, तेच बाहेर येतील. ती हमी तो चोख पाळतो. ते आकडे कसे तयार झाले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. डेकच्या हेडजवळचा अझिमथचा, म्हणजे टेपशी हेडचा कोन जुळवण्याचा, स्क्रू किंचित जरी फिरवला, तरी तानपुऱ्याची जवारी झाकोळते किंवा एकदम उजळते. घरगुती रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटसाठी हा स्क्रू दर वेळी नव्याने जुळवावा लागतो, आणि तो चुकीच्या जागी असला तर तो झाकोळलेला आवाजच फ्लॅकमध्ये कायमचा जतन होतो. कान लावून, बारीक स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन घालवलेली पाच मिनिटे जितका फरक पाडतात, तितका फरक मला कोणत्याही फॉरमॅटने पडलेला दिसला नाही.

२४ बिट (प्रत्येक नमुन्याची सूक्ष्मता), ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ९६ हजार नमुने) ध्वनिमुद्रण करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. डॉल्बीशिवाय (सुरसुर कमी करणाऱ्या सोयीशिवाय) भरलेल्या साध्या कॅसेटवर गाणे आणि टेपची सुरसुर यांतले अंतर साधारण ५० डेसिबलच्या आसपास असते, तर १६ बिटला ९६ डेसिबल मावतात. मुद्रण करताना पातळी जरा खाली ठेवता यावी म्हणून २४ बिट सोयीचे आहे, हे मान्य. पण साठवणुकीत ते जादाचे आठ बिट निव्वळ सुरसुर टिपतात. आणि सुरसुर हेच फ्लॅकचे दुखणे आहे. आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि चुकलेला भाग तेवढा साठवायचा, या रीतीने तो फाइल लहान करतो. सुरसुरीचा अंदाज बांधताच येत नाही, त्यामुळे ती जवळपास आहे तेवढीच जागा खाते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलीत, दीड जीबीच्या वर जाते, तर सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला, पाचशे एमबीच्याही आत राहते. फ्लॅकने दोन्ही लहान होतात, पण ऐकताना मला त्यांत फरक सापडलेला नाही. कॉम्प्रेशनची पातळी शून्यापासून आठपर्यंत कितीही ठेवली तरी आवाज तोच राहतो, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. त्या आकड्यावर होणारे वाद निरर्थक आहेत.

याच संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात आली. बैठकींची मुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही वाहिन्यांत एकच गाणे आहे, आणि डावी-उजवी वाहिनी तंतोतंत सारखी असली तर फ्लॅक दुसरीवर जवळजवळ जागाच खर्च करत नाही. प्रत्यक्षात स्टिरिओ डेक टेपचे दोन वेगळे पट्टे वाचतो, त्यांवरची सुरसुर वेगवेगळी असते, आणि हा फायदा हातचा जातो. अझिमथ नीट जुळवून दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो फाइल केली की आकार बराच उतरतो आणि सुरसुरही थोडी कमी होते.

संपादन चालू असताना मात्र फ्लॅक उपयोगाचा नाही. ऑडॅसिटीसारखी ध्वनिसंपादनाची साधने आत ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, काम करतात आणि फ्लॅकमध्ये फ्लोट बसत नाही. शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या, वर गेलेले शिखर फ्लॅकमध्ये उतरवताना छाटले जाते. कामाची प्रत म्हणून वेव्ह ठेवावी, तर तिथे चार जीबीची मर्यादा आडवी येते, कारण वेव्हच्या शीर्षभागात आकारासाठी ३२ बिटच आहेत. स्टिरिओमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर ती मर्यादा दोन तासांच्या थोडे पुढेच गाठली जाते. रात्रभर चाललेल्या बैठकीच्या कॅसेट जोडून एकच फाइल करू पाहणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

जतनाच्या दृष्टीने फ्लॅकचा खरा गुण म्हणजे त्यात मूळ आवाजाची एमडी५ खूण, म्हणजे आवाजाच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा क्रमांक, साठवलेली असते. फाइल तपासली की एखादा बिट बिघडला आहे का, हे कळते. वेव्हमध्ये अशी सोय मुळातच नाही. पण बिघाड कळणे निराळे आणि दुरुस्त होणे निराळे. बिघडलेली चौकट, म्हणजे साधारणपणे सेकंदाचा दहावा हिस्सा, गेली ती गेलीच. दुसऱ्या डिस्कवर प्रत नसेल, तर ही खूण फक्त वाईट बातमी देते. शिवाय ती आवाजापुरतीच असते. गायकाचे आणि रागाचे नाव असलेले टॅग तिच्यात मोजले जात नाहीत.

ओळखीपाळखीतून आलेल्या ‘लॉसलेस’ फाइलींबाबत ही खूण तर काहीच बोलत नाही. एमपी३चे फ्लॅक केलेले असले तरी तपासणी निर्वेध पार पडते. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे याचा आलेख, पाहिला की १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ कड दिसते. टेपवरचा उच्च स्वरभागही त्याच सुमारास संपतो, पण तो हळूहळू विरतो, एका रेषेत थांबत नाही. एवढा फरक डोळ्यांना सवयीने कळू लागतो.

ऐकण्याच्या बाजूलाही अडचणी आहेतच. ब्लूटूथ हेडफोनला पाठवताना फोन आवाज एसबीसी, एएसी किंवा एलडॅकमध्ये पुन्हा दाबतो. एलडॅकची कमाल ९९० केबीपीएस असते, तर सीडीचा न दाबलेला प्रवाह १४११ चा. आमच्या गाडीतला स्टिरिओ पेनड्राइव्हवरची फ्लॅक ओळखतच नाही. त्यामुळे फोनसाठी ओपस आणि गाडीसाठी एमपी३ अशा वेगळ्या प्रती काढल्या आहेत, आणि सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीत त्यांतली उणीव कुणाला जाणवेल असे वाटत नाही. फ्लॅकमध्ये देवनागरी टॅग व्यवस्थित राहतात. गाडीच्या पडद्यावर मात्र त्यांच्या जागी चौकोन उमटतात, म्हणून तिथल्या फाइलींना नुसते क्रमांक दिले असून रागांची यादी कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे.