शटरची स्प्रिंग तुटली: जोडून घ्यावी की नवी टाकावी?

आपल्याकडे गॅरेज म्हणजे ट्रॅक्टर ठेवायची खोली, कृषी केंद्राचं गोदाम, नाहीतर रोडवरचं दुकान. तिन्हीला दार एकच, लोखंडी शटर. वरच्या पाईपवर पुल्या आणि पुलीत पोलादी पट्टीची गुंडाळी, हीच स्प्रिंग. शटर खाली ओढलं की पट्टी आवळते, वर नेताना तीच जोर लावते. 8 बाय 10 फुटांचं शटर 18 गेजच्या पत्र्याचं असेल तर नुसत्या सपाट पत्र्याचं वजन 70 किलोच्या वर भरते. एक स्प्रिंग गेली की त्यातला तिचा वाटा तुमच्या कंबरेवर.

आधी स्प्रिंगच तुटली का, ते पाहा. शटर महिनोन्‌महिने हळूहळू जड होत गेलं असेल तर बहुतेक वेळा गाईडमध्ये, म्हणजे शटर सरकते त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत, माती, सोयाबीनचं कुटार किंवा वाळलेलं ग्रीस अडकलेलं असते. स्प्रिंग सैल पडली असेल तर मिस्त्री आंटे वाढवून देतो, काम भागते. पण खाडकन आवाज आला आणि तेव्हापासून शटर तिरपं चढते, तर तुटलीच समजा.

आता जोडायची की नाही, हे तुटली कुठं यावर आहे. पट्टी टोकाशी, म्हणजे पाईपला अडकवायच्या आकड्यापाशी तुटली असेल आणि बाकीची साफ असेल, तर टोक कापून, तापवून नवा आकडा वळवता येते. त्यात पट्टी आखूड होते, तापवलेल्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि शटर आधीइतकं हलकं राहत नाही, पण चालते. मधोमध तुटली असेल तर वेल्डिंगच्या नादी लागूच नका. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त, त्यामुळं वेल्डिंगच्या कडेची जागा ठिसूळ होते आणि पट्टी तिथंच पुन्हा मोडते. गावातला वेल्डर "पक्कं करून देतो भाऊ" म्हणेल. नांगराच्या फाळापुरता त्याचा शब्द खरा.

जोडण्यात पैसे वाचतात असं वाटते. खरा खर्च मात्र पाईप उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, आणि ती मजुरी दोन्हीकडं सारखीच. जोड तुटली की तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणून पाईप एकदा खाली आला की मी तर सगळ्या स्प्रिंगा बदलायच्या बाजूचा. एकीचं वय झालं तर शेजारणीचंही झालंच, वर मधल्या काळात तिनं दोघींचा भार ओढलेला. शटर दोन-तीन वर्षांचंच असेल तर एकच बदला, हरकत नाही. खताच्या गोदामात मात्र हा हिशेब लावू नका. युरिया, पोटॅशची भुकटी ओल धरते आणि पट्टी आतून गंजते. तिथं पूर्ण सेटच टाका.

नवी स्प्रिंग घ्यायला तुटलेला तुकडा सोबत न्या. पट्टीची रुंदी, जाडी आणि गुंडाळीचा घेर जुन्यासारखाच हवा. "भारी टाकून द्या" म्हणणारे गिऱ्हाईक पुष्कळ. भारी स्प्रिंगेचं शटर सुटून वर आदळते आणि खाली ओढताना लोंबकळावं लागते.

मोटार बसवायचा विचार असेल तर हाताने चालवायची साखळी असलेलीच घ्या, लाईट गेली की दुकान अडकायला नको.

कोणताही पर्याय घ्या, पाईपला हात शटरवाल्यानंच लावावा. एक तुटली तरी बाकीच्या आवळलेल्याच असतात, आणि पाईप ढिला होताच जोरात फिरून मनगट मोडू शकते. तो येईपर्यंत शटर बंदच ठेवा. उघडणं भागच असेल तर दोघांनी उचला आणि दोन्ही बाजूंना बल्लीचा टेकू द्या.

पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्राचं शटर गेलं आणि स्प्रिंग मिळेना, तर तेवढ्यापुरता आकडा वळवून घ्या. गर्दी ओसरली की पोळ्याच्या आत सेट बदलून टाका.