आमदार, खासदार की आरटीआय? फेरीबोट आणि सागरी उद्यानाबद्दल सरकारला विचारायचं तर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींची लेक भावनगरला दिली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये भावनगरजवळचं घोघा आणि भरूचकडचं दहेज यांना समुद्रातून जोडणाऱ्या फेरीबोटीचं उद्घाटन झालं, तेव्हा मावशींनी पेपरातलं कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं. पुढच्या वर्षी गाड्या नेणारी मोठी बोटही आली. मग दहेजच्या बाजूला गाळ साचला, बोटीला लागते तेवढी पाण्याची खोली राहीना आणि सेवा थांबली. नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याची बोट जाते ती हजिऱ्याला. हजिरा सुरतेपलीकडे, बडोद्याच्या माणसानं भावनगरसाठी आधी दीडशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला जायचं, हे मावशींच्या कामाचं नाही. परवा त्या ते पिवळं पडलेलं कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या. "दहेजच्या गाळावर किती पैसे गेले ते मला विचारायचंय. धारासभ्यांना, म्हणजे आमदारांना गाठू, खासदारांना पत्र देऊ, की आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाकू?"

त्याच आठवड्यात बडोद्याच्या एम.एस. विद्यापीठात झूलॉजी शिकणारा माझा भाचा आला. तो कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, नरारा बेटाजवळ ओहोटीच्या वेळी प्रवाळ बघून आला होता, आणि तिथून डोक्यात प्रश्न घेऊन आला होता : या उद्यानाला पहारेकरी किती आहेत, आणि तेलाच्या पाइपलाइनींना परवानगी देताना अटी काय घातल्या?

दोघांना एकच उत्तर देता आलं नाही. वाट निवडण्याआधी एक गोष्ट बघावी लागते, विषय कुणाच्या अखत्यारीतला आहे ती. इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं.

फेरीचा धक्का, बंदर, परवाने हे गुजरात मॅरिटाइम बोर्डाकडे, म्हणजे राज्याच्या बंदर खात्याकडे. मात्र घोघा-दहेज प्रकल्पात केंद्राच्या सागरमाला या बंदरविकास योजनेचाही पैसा आहे, त्यामुळे त्या रकमेपुरतं दिल्लीलाही विचारता येतं. जामनगरच्या किनाऱ्यालगतचं हे सागरी राष्ट्रीय उद्यान राज्याच्या वनखात्याकडे. १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी उद्यान. पहारेकरी, रिक्त जागा, उद्यानातल्या पिरोटन बेटावर जायचे परवाने हे सगळं गांधीनगरला विचारायचं. पण उद्यानाच्या हद्दीतून काही न्यायचं असेल तर प्रकरण राष्ट्रीय वन्यजीव मंडळापुढे जातं, आणि ते केंद्राचं. भाच्याच्या प्रश्नाचे असे दोन तुकडे झाले, एक राज्याचा, एक दिल्लीचा.

हा किनारा बडोद्याला परका नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होता. सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली आणि १९०९ मध्ये तिचा पहिला अहवाल छापला. शंभर वर्षांपूर्वी बडोद्यातून त्या समुद्राची विचारपूस होत होती. आज आपण ती करायला कचरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता आमदार. गुजरात विधानसभेत १८२ सदस्य, त्यांतले बडोदा जिल्ह्याचे १०, शहरातले ५. रावपुऱ्याच्या आमदारानं जामनगरबद्दल विचारू नये असा कोणताही नियम नाही. राज्य सरकारच्या कोणत्याही कारभाराबद्दल ते विचारू शकतात. प्रश्न तारांकित केला, म्हणजे त्याला तारा लावला, की मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि लगेच पुरवणी प्रश्न येतात. माझ्या मते सगळ्या मार्गांत मोलाचं काही असेल तर हेच. लेखी उत्तर अधिकारी तयार करून देतात, पण पुरवणी प्रश्नाला मंत्र्यांनाच तोंड द्यावं लागतं, आणि तिथे निघालेलं "लवकरच सुरू करू" हे वाक्य कामकाजाच्या नोंदीत राहतं. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. आकडे, तालुकावार तक्ते यांच्यासाठी तेच बरं.

अडचणी दोन. विधानसभा फार थोडे दिवस बसते. फेब्रुवारी-मार्चचं अर्थसंकल्पी अधिवेशन सोडलं, तर पावसाळी अधिवेशन अलीकडे दोन ते चार दिवसांत आटोपतं. आणि २०२२ च्या निवडणुकीत १८२ पैकी १५६ जागा एकाच पक्षाला मिळाल्या. सत्तेतल्या आमदाराला स्वतःच्याच मंत्र्याला पेचात धरायचं धाडस होईलच असं नाही. तरी विचारून बघावं. मतदारानं हातात लिहून दिलेला नेमका प्रश्न असेल, तर आमदारांनाही तो पुढे करणं सोपं जातं. ते नाही म्हणाले तर किनाऱ्यावरच्या एखाद्या विरोधी आमदारांकडे तोच कागद पाठवावा.

खासदारांची वाट मोठी, पण अरुंद. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, ते चिठ्ठ्या टाकून ठरतात. नोटीस किमान १५ दिवस आधी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, आणि तारांकित यादीतले मोजकेच प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. निव्वळ राज्याच्या अखत्यारीतला प्रश्न दारातूनच परत येतो. पण मंत्र्यांनी "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. त्यासाठी संसदेची वेगळी समितीच आहे. भाच्याच्या पाइपलाइनींच्या अटींसाठी हीच वाट योग्य. मावशींच्या गाळासाठी नव्हे.

आरटीआयला कुणाची मनधरणी लागत नाही. केंद्राच्या कार्यालयाला १० रुपये, गुजरातच्या कार्यालयाला २० रुपये, आणि ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतरही समाधान नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अधिवेशन चालू असो वा नसो. मात्र आरटीआयनं कागद मिळतो, खुलासा नाही. "का थांबवली?" असं विचारलं तर मला एकदा एका कार्यालयानं दीड ओळीत परत धाडलं होतं : कारणमीमांसा ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. तेव्हापासून मी "का" लिहीत नाही. "या विषयाच्या फाइलवरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या" असं लिहिते. का, ते बहुतेक वेळा त्या शेऱ्यांतच सापडतं. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, हेही अर्जाच्या तळाशी लिहून टाकावं.

स्वागत कार्यक्रमाचं नावही लोक घेतात. २००३ पासून मुख्यमंत्री दर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी तक्रारी ऐकतात. स्वतःची अडलेली जमीन, पेन्शन यांच्यासाठी जा. धोरणाच्या प्रश्नाला ती जागा नाही.

तर मावशींना मी सांगितलं, आधी आरटीआय, मग आमदार. क्रम उलटा करू नका. हातात आकडा नसेल तर मंत्री गोल उत्तर देऊन बसतात. आकडा हातात असेल तर पुरवणी प्रश्नाला धार येते.

मावशींनी वहीत लिहून आणलं होतं : "फेरी बंद करून जनतेला त्रास का देता, जबाबदार कोण?" राग खरा आहे, पण असा प्रश्न स्वीकारला जात नाही, कारण त्यात मत आहे, माहितीची मागणी नाही. आम्ही दोघींनी मिळून तो असा केला :

"(१) घोघा-दहेज फेरीसाठी दहेज येथे २०१७ पासून गेल्या ३१ डिसेंबरच्या स्थितीनुसार वर्षवार किती गाळ काढण्यात आला व त्यावर किती खर्च झाला, (२) सेवा थांबवण्यापूर्वी व नंतर पाण्याची खोली किती मोजण्यात आली, (३) ही सेवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला असल्यास केव्हापासून, नसल्यास त्याची कारणे काय?"

पहिले दोन मुद्दे आरटीआयचे, तिसरा आमदारांचा. खंभातच्या आखातात मोठ्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, वर नर्मदा, मही, साबरमती, तापी आपला गाळ आणून ओततात. तिथे गाळ येणार हे कुणालाही ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या मुद्द्यातला खोलीचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आणि बोटीचा कोणताही प्रश्न बडोद्यात लिहिताना एक ओळ मी कधीच गाळत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून तलाव असो की समुद्र, प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी लिहिते : बोटीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कुणी केली, आणि तिची मंजूर क्षमता किती. हे विचारायला कोणतंही अधिवेशन लागत नाही.

मावशींनी अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवला, वीस रुपयांची पोस्टल ऑर्डर टाचणीनं लावली आणि स्पीड पोस्टनं पाठवला. पावती आता त्या कात्रणाशेजारी आहे, आणि कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती त्यांनी लाल पेननं गोल काढला आहे. त्या तारखेनंतरच आमदारांच्या कार्यालयात जायचं, असं ठरलं आहे.