नागपुरातल्या कर्ज सेटलमेंट एजन्सी: फी भरण्याआधी

पाचपैकी एक तारा. "हप्ते बंद करा, बँकेशी आम्ही बोलतो" हा कमी रकमेत कर्ज मिटवून देऊ म्हणणाऱ्या या एजन्सींचा ठरलेला सल्ला, आणि तोच घातक. दंड आणि व्याज चढतं, चेक बाउन्स झाला तर कलम १३८ची (चेक न वटण्याच्या गुन्ह्याची) नोटीस येते, पुढे सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा बसतो. एजन्सीची फी वेगळीच.

त्यापेक्षा बँकेला स्वतः अर्ज द्या: मुदत वाढवून हप्ता कमी करा. पोच घ्याच. उत्तर नाही, तर बँकेकडेच लेखी तक्रार करा; तिलाही ३० दिवसांत उत्तर नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करा.

खातं थकलंच असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातली लोकअदालत कितीतरी बरी. कोर्ट फी नाही. पण निवाड्यावर अपीलही नाही, म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेवर सही करा. रक्कम आणि तारीख लिहिलेलं बँकेचं पत्र हाती आल्यावरच पैसे भरा, तेही थेट कर्जखात्यात.