हरण्या थंडाव्यात, केवडा उन्हात

केळीचा हरण्या आणि भेंडीचा केवडा, दोन्ही रोग विषाणूंचेच, पण हवामान उलटं मागतात. जळगावच्या केळीवरचा हरण्या, म्हणजे सीएमव्ही (काकडीवर्गीय पिकांवरही येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू), पावसाळी ढगाळ थंडाव्यात उफाळतो. गारव्यात झाडाची विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) तोडणारी यंत्रणा मंदावते, म्हणून कोवळ्या पोंग्यालगतच्या (न उलगडलेल्या पानाजवळच्या) पानावर पिवळे पट्टे उठतात. ऊन वाढलं की नवी पानं हिरवी दिसू लागतात, आणि इथेच फसगत होते: रोग झाडातच असतो, त्याचे मुनवेही (बुंध्यालगत फुटणारी नवी रोपं) रोगट निघतात.

भेंडीच्या केवड्याला मात्र ऊब मानवते. उन्हाळ्यात तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीच्या पिढ्या झपाट्याने वाढतात. शिरा पिवळ्या, मग पान, शेवटी फळंसुद्धा.

माझ्या मते हरण्या जास्त घातक. मावा ही कीड काही सेकंदांतच तो पसरवते, फवारणीचा परिणाम होण्याआधीच. म्हणून मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) दर चार-पाच दिवसांनी फेरी मारा, रोगट झाड मुळासकट उपटून लांब नेऊन गाडा, जवळ काकडी-भोपळा लावू नका. केवड्यात माशी आवरायला वाव आहे: सहनशील वाण, पिवळे चिकट सापळे आणि रोगट रोपं लवकर काढणं.