सरकारकडून मिळणारा मोफत वकील घ्यावा का? आमचा अनुभव, पाचपैकी साडेतीन

तालुका विधी सेवा समितीकडून मिळणारा वकील घ्यावा का, असं गावातले बरेच जण मला विचारतात. माझं म्हणणं, बेशक घ्या. पण आमच्यासारखे कर्नाटकातल्या सीमाभागातले असाल तर मराठी येणारा मागून घ्या. मी दुधाचा टेम्पो चालवतो, कायद्यातलं मला काय कळतंय? बांधावरच्या मारामारीत भाचा बेळगावच्या हिंडलगा जेलला गेला आणि आक्कानं मला पुढं घातलं, म्हणून हे सगळं शिकावं लागलं. तालुक्याचं नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे.

आधी पात्रतेचं. बीपीएल कार्ड पाहिजे, नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल ऑफिसातून, उत्पन्नाचा दाखला आणा, असं कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कुणीही छातीठोक सांगतंय. 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12 बघा की. जेलमध्ये असलेला माणूस, बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातला कामगार, यांना उत्पन्नाची अटच नाही. निपाणीकडं विड्या वळणारी बाई पोटगीसाठी कोर्टात जायचं म्हणून व्याजानं पैसे काढते. तिनं फक्त अर्ज करायचा, बाई आहे एवढं पुरतं. मर्यादा बाकीच्यांना आहे, आणि तिथंही साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं.

भाच्याचा अर्ज जेलमधूनच गेला. वकील लवकर मिळाला, पण त्यांच्या कारकुनानं टायपिंग आणि झेरॉक्सचे म्हणून आक्काकडं पाचशे मागितले. इथं माझे दीड गुण गेले. या वकिलांची फी विधी सेवा प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून एक रुपया घ्यायचा नसतो. कोर्ट फी, टायपिंग, कागदपत्रांचं भाषांतर, हेसुद्धा या मदतीतच येतं. समितीचे अध्यक्ष न्यायाधीशच असतात. त्यांच्या नावानं साधा अर्ज दिला, वकील बदलून मिळाला. आक्का भीत होती, अर्ज केला तर पोराला त्रास होईल म्हणून. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या वकीलबाई तरुण, घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांचं काम मी डोळ्यांनी बघितलं. आरोप वाचून दाखवला तो सगळा कन्नडमध्ये. आमचं पोरगं सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं, बाजारापुरतं कन्नड येतं. साहेबांनी विचारलं आणि हे आपलं मान हलवतंय! बाई लगेच उठल्या, आरोपीला मराठी समजतं, त्याला समजावून सांगावं, म्हणाल्या. मग कोर्टातल्या कारकुनानं एकेक वाक्य मराठीत सांगितलं, तेव्हा कुठं पोरगं मोठ्यानं म्हणालं, "मान्य नाही साहेब, मी सोडवायला गेलतो." तेच लिहून घेतलं गेलं. बाई नसत्या तर त्या मान हलवण्याचा काय अर्थ निघाला असता, देव जाणे. साक्षसुद्धा आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली तर त्याच्या भाषेत सांगायची, असं फौजदारी कायद्यातच आहे. सीमाभाग म्हणून कुणी उपकार करत नाही.

वकीलबाईंनीच सुक दास खटल्याचं सांगितलं. 1986 साली सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. त्यानं वकील मागितला नव्हता. पण मोफत मिळू शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तेवढ्यावरून खटला टिकला नाही.

बाकी वेळ जातोच. वकीलबाईंकडं केसेस भरपूर, फोन संध्याकाळीच उचलतात. समितीच्या दारातला बोर्ड कन्नड आणि इंग्रजीत, त्यामुळं आमची म्हातारी माणसं समोरून निघून जातात. अर्जात मात्र पहिल्याच ओळीत लिहा, मराठी येणारा वकील द्यावा. ऑफिसला जायला जमत नसेल तर 15100 वर फोन लावा. जामीन झालाय, पोरगं घरी आहे, आता पंचांची साक्ष व्हायची आहे.