खातं बंद झालं: अपील समिती की ग्राहक आयोग?

यावलचा भाचा केळीचे वेफर्स विकतो. ‘नियमभंग’ एवढंच सांगून त्याचं सोशल मीडिया खातं बंद केलं. कुठला नियम, ते नाहीच. आरोप करणाऱ्यानेच पुरावा द्यायला हवा ना! आता दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे. सगळं ऑनलाइन, फुकट. जळगावला खेटे नाहीत. पण भरपाई मिळत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग भरपाई देऊ शकतो, मुदत 2 वर्षं. मात्र सेवेचे पैसे मोजल्याचा पुरावा हवा, नुकसानही आपणच सिद्ध करायचं.

नुसतं खातं परत हवं असेल तर समिती. जाहिरातीचे पैसे बुडालेत आणि पावत्या आहेत, तर आयोग.