दोन शेळ्या की सहा कोंबड्या? साठीनंतर वाडी मांडणाऱ्यांसाठी

घर उभं राहिलं, पाण्याची सोय झाली, भाजीचे वाफे धरले, फळझाडांनी मूळ धरलं, की मनात पुढचा विचार येतोच: आता दारात एखादं जनावर हवं. छोट्या जागेत आणि या वयात गाय झेपत नाही, हे बहुतेकांना आपोआप कळतं. मग प्रश्न उरतो तो दोन शेळ्या की पाच-सहा कोंबड्या, एवढाच. आम्ही दोघांनी वाडी मांडली तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. आधी चार वर्षं शेळ्या होत्या, त्यानंतर गेली सहा वर्षं कोंबड्या आहेत. दोन्ही एका वेळी कधी ठेवल्या नाहीत आणि नोंदवह्याही ठेवल्या नाहीत, तेव्हा पुढचं सगळं अनुभवाचं बोलणं आहे असं धरून वाचा.

आधी शेळीची बाजू मांडतो, कारण ती मनापासून मांडावीशी वाटते. शेळीला माणूस कळतो. सकाळी दाराची कडी वाजली की दोघी माना उंचावून बघायच्या, आणि मी न येता कुणी दुसरं आलं तर ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एकटी शेळी मात्र ठेवू नका. कळपातलं जनावर आहे, सोबत नसेल तर दिवसभर ओरडतं आणि खंगतं. व्यायल्यानंतर दुधाचा भर असताना आमची एकेक शेळी दिवसाला दीड-दोन लिटर द्यायची. दोन माणसांच्या घरात ते सरायचं नाही. लेंड्या कोरड्या असतात, वास नसतो, वाफ्यात टाकायला सोप्या. शिवाय शेळी गवतापेक्षा झुडपांच्या पाल्यावर जास्त जीव टाकते, त्यामुळे कुंपणालगतचा जो कोपरा मला कोयत्यानं दोन वर्षं आवरला नव्हता, तो त्यांनी एका हंगामात मोकळा करून दिला.

पण तेच तोंड फळझाडांपर्यंत पोचतं. एकदा फाटकाची खिटी नीट बसली नव्हती. पाव तासात तीन झाडांची साल सोलली गेली. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं गेलं की झाडाचा वर-खाली चालणारा अन्नाचा प्रवाह तुटतो आणि झाड वाळतं, तिन्ही वाळली. दोन वर्षांची झाडं होती. तिशीत लावलेलं झाड गेलं तर माणूस दुसरं लावतो. त्रेसष्टाव्या वर्षी गेलेली दोन वर्षं मला फार लागली. म्हणून शेळी घ्यायची असेल तर तिच्या गोठ्याच्या आधी झाडांभोवतीची जाळी, आणि कुंपण किमान छातीएवढं उंच.

तरी झाडांवरून मी शेळ्या सोडल्या नसत्या. सोडल्या त्या धारेच्या वेळेवरून.

दुभत्या शेळीची धार साधारण दर बारा तासांनी काढावी लागते. हे मी शेळ्या घेण्याआधी अनेकांकडून ऐकलं होतं, आणि दरवेळी मला वाटायचं, आपण तर आता घरीच असतो, आपल्याला काय अडचण? धार काढण्याचा त्रास कधीच नव्हता. गुडघ्याएवढ्या उंच चौथऱ्यावर शेळी चढवली, समोर खुराक ठेवला, की दोघींचं काम वीस मिनिटांत व्हायचं, आणि दिवसातली ती वीस मिनिटं मला आवडायची. त्रास पुढच्या बारा तासांचा होता. सकाळी सहाला धार काढली की संध्याकाळी सहाला घरी असायलाच हवं. साठीनंतर बाहेर जाणं आपल्या हातात फारसं राहत नाही. तपासण्या असतात, कुणाचं तरी आजारपण असतं, लेकीकडून रात्री फोन येतो. सकाळी लवकर निघून दुपारी अर्ध्या वाटेवरून परत फिरणं, किंवा दोघांपैकी एकानंच जाणं, असं आमचं चार वर्षं चाललं. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला ही एकटी गेली. मी गोठ्यात होतो.

मग हिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. एक रात्र बाहेर काढणं भाग होतं. शेजारच्या वहिनींनी आपण होऊन धार काढायचं कबूल केलं, आधी दोन दिवस येऊन हातही बसवून गेल्या. थोरल्या शेळीनं त्यांना धार काढू दिली. धाकटी पहिल्या वेताची होती. तिनं परक्या हाताला पान्हा सोडलाच नाही, लाथ मारून भांडं उलटवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तिची कास दगडासारखी कडक आणि गरम झाली होती. एका सडातून गाठी पडलेलं दूध येत होतं. कासदाह. जनावरांचे डॉक्टर आले, औषधं झाली, औषधाचा अंश जाईपर्यंत दोन्ही सडांचं दूध टाकून द्यावं लागलं, आणि ती बाजू पुढे पुरती कधी भरलीच नाही. वहिनींना त्याचं इतकं वाईट वाटलं की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यांची काहीच चूक नव्हती.

हिला वाकायला आणि जड उचलायला मनाई होती. डोळ्यावर झाकण लावून ही ओट्यावर बसली होती, मी गोठ्यातून तिच्याकडे आणि तिच्याकडून गोठ्यात असा चालत होतो. तेव्हा ही शांतपणे म्हणाली, “अहो, पुढच्या वेळी तुमचं काही निघालं, तर?”

मला उत्तर देता आलं नाही. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

आता यावर उपाय आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर शेळीवर अन्याय होईल. करडं दिवसभर आईपाशी ठेवायची, फक्त रात्री वेगळी बांधायची आणि सकाळी एकदाच धार काढायची. ज्या दिवशी बाहेर जायचं, त्याच्या आदल्या रात्री करडं वेगळी करायचीच नाहीत. धार तीच काढतात. करडं आईपाशी आहेत तोवर ही पद्धत फार चांगली चालते, आणि मला ती आधी कुणी सांगितली असती तर पहिली दोन वर्षं बरीच सोपी गेली असती. करडं गेल्यावरही कास हळूहळू सवयीला लावून एकवेळच्या धारेवर आणता येते. दूध कमी होतं, पण दोघांना ते पुरतं. आणि तुमच्या आवारात मुलगा, सून, भाऊ असं धडधाकट कुणी राहत असेल, तर वर सांगितलेली धारेची अडचण तुमच्यासाठी नाही असं समजा. नसेल, तर शेळी घेण्याआधी चालत येण्याच्या अंतरावरच्या दोन माणसांची नावं मनात आणा, ज्यांना धार काढता येते. एक नाव पुरत नाही.

दूध हवं तर वेत हवं, हेही लक्षात असू द्या. माज, म्हणजे शेळी फळायची वेळ, दर एकवीस दिवसांनी येतो आणि दीड-एक दिवसच टिकतो, तेवढ्यात बोकडापर्यंत शेळी न्यावी लागते. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, त्यातले शेवटचे दोन महिने धार बंद. शेळ्या बहुतेकदा आपसूक व्यातात, पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं की काळजी नसते. पण एकदा पहाटे तसं दिसलं नाही, आणि डॉक्टर येईपर्यंतचा तास मला अजून आठवतो. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापणं, पाठ वाकवून. जंतांसाठी खालची पापणी ओढून आतला रंग बघणं: लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट दिसली तर पोटातले जंत रक्त पीत आहेत. आणि पन्नास किलोचं जनावर दोरीला हिसका देतं तेव्हा आपला तोल जातो. दोरी मनगटाला गुंडाळू नका, कधीच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तर शेळीचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा असं मला वाटतं.

कोंबड्यांकडे वळतो. त्यांच्याशी शेळीसारखं नातं जुळत नाही, हे आधीच सांगतो. काही जण जुळतं म्हणतात, माझं जुळलं नाही. त्यांच्याकडे बघत बसायला मात्र मला आवडतं. वाफ्यात शिरल्या तर एका सकाळी सगळी रोपं उकरतात, तेव्हा वाफ्यांना जाळी हवीच. विष्ठा फार कडक, ताजी टाकली तर मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून सहा महिने कुजू द्यावी लागते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कारण नेमानं अंडी यायला त्यांना चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पिसं झडायच्या दिवसांत तर महिना-दोन महिने काहीच मिळत नाही. आणि पहिल्याच वर्षी एका रात्री खुराड्याचं दार लावायचं राहिलं, सकाळी सहापैकी तीन उरल्या होत्या. मी आजही त्या रात्रीबद्दल स्वतःला दोष देतो.

पण ती अडचण एका वस्तूनं सुटली. उजेडावर चालणारं आपोआप उघडणारं-मिटणारं दार बसवलं. अंधार पडू लागला की कोंबड्या आपणहून आत जाऊन दांडीवर बसतात, हाकाव्या लागत नाहीत. थोड्या वेळानं दार खाली येतं. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य आणि पाव लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात पाणी दुप्पट. म्हणजे सहा जणींना दोन दिवसांचं दीड किलोच्या आत खाद्य. तेवढं टांगत्या भांड्यात आणि पाणी दोन वेगळ्या भांड्यांत भरून ठेवलं की आम्ही दोघं मिळून बाहेर पडतो. रोज एकदा वहिनी येऊन पाणी बघतात आणि अंडी घेऊन जातात. पूर्वी त्यांना सांगताना मला संकोच व्हायचा. आता त्याच विचारतात, पुन्हा कधी जाताय?

खुराडं बांधताना मात्र काटकसर करू नका. माणूस ताठ उभा राहील एवढी उंची ठेवा. अंडी घालायच्या खोक्यांचं झाकण बाहेरून आणि कमरेच्या उंचीवर उघडणारं हवं, चार-पाच जणींना एक खोकं पुरतं. दांडीखाली एक फळी आडवी बसवली की रात्रीची बहुतेक विष्ठा तीवर पडते आणि सकाळी न वाकता खरवडता येते. खाद्याचं मोठं पोतं आणू नका; वीस-पंचवीस किलोचं आणा, आणि तेही जिथे गाडी थांबते तिथेच डब्यात मगानं ओता. आमचं आधीचं खुराडं बुटकं होतं, ते वर्षभरात मोडून पुन्हा बांधावं लागलं.

एका बाबतीत कोंबडी मागे पडते, ती धुळीत. खुराडं झाडताना पिसांची आणि विष्ठेची बारीक धूळ उडते, त्यामुळे तोंडावर मास्क हवाच. दमा किंवा छातीचं जुनं दुखणं असेल तर माझ्या मते शेळीच बरी. कोंबड्यांना, अंड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा, कारण साल्मोनेला जंतूंचा आजार पासष्टीपुढच्या माणसांना आणि लहान मुलांना जास्त जड जातो, आणि वाडीवर नेमकी हीच दोन वयं असतात. शेळीकडेही असंच आहे: दूध उकळल्याशिवाय तोंडी लावू नये, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो.

आणखी एक हिशेब मी शेळ्या घेताना केला नव्हता, तो तुम्ही करा. शेळी बारा-पंधरा वर्षं जगते. पासष्टीत घेतलेली पाट, म्हणजे तरुण शेळी, म्हातारी होईल तेव्हा आपण ऐंशीच्या जवळ असू. तेव्हा तिला कोण बघेल? आमच्या दोघी एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेल्या, त्यांच्याकडे आधीचा कळप होता, म्हणून निभावलं. कोंबडी सहा-आठ वर्षं जगते आणि पहिली दोन वर्षं भरपूर अंडी देते, मग कमी कमी. म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करायचं हे पहिल्या दिवशीच घरात ठरवा. आम्ही शेवटपर्यंत ठेवतो, त्यामुळे आत्ता सहातल्या चारच अंडी देतात. दोघांना ती पुरून उरतात.

मन अजूनही शेळीकडेच ओढत असेल तर मी अडवणार नाही. आधी मात्र कुणाच्या तरी दुभत्या शेळीची आठवडाभर दोन्ही वेळची धार काढून बघा, आणि त्याच आठवड्यात एक दिवस बाहेरगावी जायचं ठरवा. कोंबड्या घ्यायच्या ठरल्या तर पिल्लांपासून सुरुवात करू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायची, रात्री उठून दिवा बघायचा. सोळा-अठरा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या घ्या, मानमोडी (राणीखेत) रोगाची लस दिलेल्या आहेत ना हे विचारून. पहिला आठवडा त्यांना खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे रात्री कुठे परतायचं ते त्यांना कळतं. आपोआप चालणारं दार त्या येण्याआधीच बसवून घ्या.